प्रकल्प नोंदी: चाकणची प्रेस शॉप, नेटवर्क तपासणी आणि तो .७७

८ जुलै २०२४, सोमवार

किकऑफ झाला एकदाचा. साडेदहाची मीटिंग पावणेबाराला सुरू, कारण तळेगाव-चाकण रोड आणि पाऊस, त्यात जोडीदार मुंबईहून येणार होता तो तिकडच्या पावसात अडकला, लोकलच बंद, म्हणजे पहिले काही दिवस मी एकटाच. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबणारी, चारेकशे माणसं, ऑफिस आणि शॉप एकाच कंपाउंडमध्ये. काम काय तर आतलं नेटवर्क, बाहेरून दिसणारे आयपी, आणि बॅकअप नावाला आहे की खरंच आहे ते बघणं. हे शेवटचं मी मुद्दाम स्कोपमध्ये घालून घेतलं, त्यांनी मागितलं नव्हतं.

परवानगीचं पत्र सही-शिक्क्यासकट घेतल्याशिवाय लॅपटॉपला केबल लावली नाही. धाकटे साहेब म्हणाले अहो आम्हीच तर बोलावलंय की तुम्हाला. म्हणलं बरोबर आहे, पण आयटी कायद्यात कलम ४३ आणि ६६ मध्ये "परवानगीशिवाय" एवढाच शब्द आहे माझ्यात आणि चोरात फरक करणारा, तीन वर्षं जेल किंवा पाच लाख दंड किंवा दोन्ही. हसले, सही केली.

आयटी इनचार्जनी असेट लिस्टची एक्सेल दिली. २१२ ओळी. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा. माणूस एकटा आहे, हाताखाली डिप्लोमाचा एक ट्रेनी पोरगा, आणि कँटीनचं टीव्ही केबलपासून ईआरपीपर्यंत (कंपनीचा सगळा हिशेब-साठा ज्यात असतो ते सॉफ्टवेअर) सगळं यांच्याच गळ्यात.

९ जुलै, मंगळवार

नुसतं मोजणं. पिंगने १९० सापडले, विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही त्यामुळे हा आकडा कधीच खरा नसतो, म्हणून एआरपी स्कॅन लावला (प्रत्येक मशीनला त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता विचारायचा), सबनेट म्हणजे नेटवर्कचा गट एकच असल्यामुळे त्यापासून कुणाला लपता येत नाही. ३४१. म्हणजे एक्सेलपेक्षा १२९ जास्त. त्यातले निम्मे लोकांचे मोबाईल, कारण ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड कँटीनपर्यंत सगळ्यांना माहीत. बाकी कॅमेरे, हजेरीची अंगठ्याची मशीनं, प्रिंटर, दोन घरगुती वायफाय राउटर (एक क्वालिटीवाल्यांनी स्वतः आणून लावलेला, रेंज येत नाही म्हणून, आणि खरंच येत नाही तिथे), आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर.

पीएलसी ऑफिसच्याच नेटवर्कमध्ये. सगळं सपाट, १९२.१६८.०.० पासून ३.२५५ पर्यंत एकच मैदान. अकाउंट्सच्या मॅडमच्या पीसीवरून ४०० टनी प्रेसच्या कंट्रोलरपर्यंत मध्ये एक दरवाजा नाही.

आणि एक १९२.१६८.३.७७. पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचा दरवाजा) उघडं, ३३८९ (लांबून स्क्रीन चालवायचा दरवाजा) उघडं, विंडोज एक्सपी म्हणतोय स्वतःला. इनचार्जना विचारलं हे कुणाचं, ते म्हणाले एक्सपी आपल्याकडे नाहीच, २०१९ ला सगळे काढले. लिहून ठेवलं.

१० जुलै, बुधवार

आज माझ्याकडून घोळ झाला तो आधी लिहितो. नेसस (नेटवर्कमधली भोकं शोधणारं सॉफ्टवेअर) स्कॅन लावताना प्रिंटर वगळलेले होते पण डिस्पॅचमधला बारकोड लेबलचा प्रिंटर स्वतःला प्रिंटर म्हणून ओळखच देत नाही, आणि ९१०० पोर्टवर जे काही येईल ते असले प्रिंटर निमूट छापतात, त्यामुळे स्कॅनरने टाकलेले सगळे प्रोब त्याने लेबलांवर छापायला घेतले. दीडशे-एक लेबलं. डिस्पॅचचे सुपरवायझर एक भेंडोळं घेऊन वर आले, "हे कुठल्या गाडीला लावायचं?" माफी मागितली. वगळायच्या यादीत ९१०० आता हाताने घातलंय, हे आधीच घालायला पाहिजे होतं, दहा वर्षं हेच करतोय मी.

स्कॅनचा निकाल म्हणजे नेहमीसारखा लाल-केशरी समुद्र. ३८ पीसी अजून विंडोज ७ वर (१४ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपलेला). एक सर्व्हर २००८ आर२, तोही त्याच दिवशी वारलेला, आणि नेमका त्यावरच टूलरूमच्या ड्रॉइंगचा साठा. धाकट्या साहेबांना मात्र कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ते ओपनएसएसएचमधल्या (लिनक्सवर लांबून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) नव्या भोकाचं पाठवलं होतं, रेग्रेसएसएच, सीव्हीई-२०२४-६३८७, ते आधी बघा म्हणाले. बघितलं. लिनक्सचे तीनच बॉक्स, त्यातल्या एकावर ती आवृत्ती. ते शोधणाऱ्या क्वालिस कंपनीच्याच लोकांना ३२-बिट मशीनवर सरासरी दहा हजार प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागले होते. पॅच करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे, पण या कंपनीत शिरायला कुणी आठ तास घालवणार नाही हो, इथे दार उघडंच आहे.

११ जुलै, गुरुवार

चाकणला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून शॉप फ्लोअरचं काम आजच. मेंटेनन्सवाले दोघं आले होते, त्यांच्यासमोरच केलं सगळं. पीएलसीला स्कॅनरने हात लावलाच नाही, जुने कंट्रोलर नुसत्या पोर्ट स्कॅनने हँग होतात, आणि प्रेसखाली उद्या माणसाचा हात असणार आहे. स्विचवर मिरर पोर्ट लावून फक्त ऐकत बसलो दोन तास. १०२ पोर्टवर सीमेन्सची बोली चालू, जुन्या कंट्रोलरांना पासवर्ड वगैरे भानगडच नाही, जो बोलेल त्याचं ऐकतात. तो दोष कंपनीचा नाही, त्या काळी असं गृहीतच होतं की या तारेवर आपल्याशिवाय कुणी नसणार. आता त्याच तारेवर कँटीनचे मोबाईल आहेत.

मेंटेनन्सच्या काकांनी चहा पाजला आणि विचारलं, म्हणजे कुणी घरी बसून प्रेस चालवू शकतो का? म्हणलं प्रेसवरचा लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि इमर्जन्सी स्टॉपची वायरिंग वेगळी आहे तोवर जीव वाचेल, पण लाइन बंद पाडणं, सेटिंग बदलून माल रिजेक्ट करायला लावणं, हे होईल. "माल रिजेक्ट" म्हणल्यावर त्यांचा चेहरा जास्त गंभीर झाला. साहजिक आहे.

१२ जुलै, शुक्रवार

जोडीदार आला. आज रिस्पॉन्डर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्या ट्रेनीला जसं सांगितलं तसं: विंडोजला एखाद्या सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये सापडलं नाही की तो भर बाजारात ओरडतो, "अमुक सर्व्हर कोण आहे रे?" आपण शांतपणे म्हणायचं "मीच". मग तो बिचारा लॉगिनचा हॅश (पासवर्डचा गुंतवलेला ठसा) आपल्या हातात आणून देतो. जुन्या बंद केलेल्या फाइल सर्व्हरचं नाव अजून पन्नास पीसींच्या मॅप्ड ड्राइव्हमध्ये होतं, त्यामुळे ओरडा अखंड चालू. वीस मिनिटांत १४ जणांचे हॅश.

हॅशकॅटला (अंदाज लावत हॅशमागचा पासवर्ड शोधणारं सॉफ्टवेअर) रात्री लावले. इंग्रजी वर्डलिस्टने दोन फुटले. मग आमची घरची लिस्ट लावली, देवांची नावं, गावांची नावं, गड-किल्ले, गाड्यांचे मॉडेल, पुढे अ‍ॅट, पुढे १२३ किंवा साल. अजून सात. १४ पैकी ९. गणपती, माउली, शिवनेरी, कंपनीचं नाव आणि २०२४. पासवर्डचा नियम सगळ्यांनी पाळलाय बरं का, आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. नियम पाळूनच फुटले.

१५ जुलै, सोमवार

नऊपैकी एका साध्या स्टोअर्सच्या लॉगिनने सिसव्हॉल नावाचं सर्व्हरवरचं फोल्डर उघडलं, जे डोमेनमधल्या (कंपनीच्या सगळ्या विंडोज लॉगिनचा एकत्र कारभार) कुणालाही वाचता येतं, आणि त्यात एक ग्रुप्स डॉट एक्सएमएल पडलेली. त्यात सगळ्या पीसींच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड, एनक्रिप्ट केलेला. फक्त त्याची चावी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच साइटवर छापलेली आहे. मे २०१४ मध्ये त्यांनी पॅच काढला (एमएस१४-०२५) पण तो पॅच नवीन पासवर्ड असा ठेवू देत नाही एवढंच, आधी ठेवलेला तिथेच राहतो, कुणीतरी हाताने काढावा लागतो. इथे २०१२ सालची फाइल. ज्या व्हेंडरने डोमेन उभं केलं तो केव्हाच गेला, इनचार्ज २०१६ ला आले, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्या पीसींना तोच एक लोकल पासवर्ड. मग एक-एक पीसी बघत जायचं की कुठे डोमेन अ‍ॅडमिन (सगळ्या मशीनवर ज्याचा हुकूम चालतो ते खातं) लॉगिन करून बसलाय. ट्रेनीच्या पीसीवर सापडला, प्रिंटर ड्रायव्हर टाकायला केलेलं लॉगिन तसंच. सकाळी साडेनऊला सुरुवात, एक वाजून दहा मिनिटांनी डोमेन अ‍ॅडमिन. एकही "हॅकिंग" म्हणावं असं काही केलं नाही, सगळे दरवाजे किल्लीनेच उघडले.

जेवणानंतर इनचार्जना आधी एकट्यांना दाखवलं. मीटिंगमध्ये पहिल्यांदा दाखवणं मला पटत नाही, माणसाचा पानउतारा होतो आणि मग तो आपल्याला काहीच सांगत नाही. पाच मिनिटं गप्प बसले. मग ड्रॉवरमधून दोन मेलच्या प्रिंट काढून दाखवल्या, मॅनेज्ड स्विच आणि व्हीलॅनसाठी (नेटवर्कचे वेगळे कप्पे) पैसे मागितलेले, दोन्हीवर "पुढच्या वर्षी बघू". त्या प्रिंटांचे फोटो काढून घेतले. रिपोर्टमध्ये लागतील.

१६ जुलै, मंगळवार

आज दिवसभर .७७ च्या मागे. आयपी माहीत, मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) माहीत, पण माणूस माहीत नाही. मेन स्विचच्या मॅक टेबलमध्ये पोर्ट १९. पोर्ट १९ ची वायर स्टोअर्समध्ये एका पाच पोर्टच्या साध्या स्विचमध्ये. त्यातून एक वायर भिंतीतून बाहेर. बाहेर म्हणजे पावसात, पत्र्याच्या कडेने, पीव्हीसी पाइपातून, गेटकडे. आम्ही तिघं छत्र्या घेऊन वायरीच्या मागे चाललोय, वॉचमन बघतोय.

वजनकाटा! गेटवरचा ट्रकचा काटा. केबिनमध्ये सीआरटी मॉनिटर, त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं (दसऱ्याचं असणार), आणि एक्सपी. काट्याचा जो इंडिकेटर आहे त्याची सिरियल केबल या पीसीला आणि काट्याचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवरच चालतं म्हणे. वॉचमन म्हणाला, "साहेब त्याला हात नका लावू, बंद पडला तर बाहेर चाकणपर्यंत गाड्यांची लाइन लागते."

हे कुणाचं? इनचार्ज म्हणाले स्टोअर्सचं. स्टोअर्स म्हणालं सिक्युरिटीचं. सिक्युरिटी कंत्राटी आहे, ते म्हणाले आम्ही फक्त बटन दाबतो. पर्चेस म्हणालं काट्याच्या व्हेंडरचं. अकाउंट्समध्ये विचारलं तर त्याची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) मात्र इमानदारीत दरवर्षी भरली जाते. म्हणजे आठ वर्षं पैसे जातायत आणि मशीन कुणाचंच नाही.

आत बघितलं तर: एक्सपी (एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपला), एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू, एमएस१७-०१० चा पॅच नाही. हे भोक तेच, ज्यातून १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा) जगभर पसरला आणि महिन्या-दीड महिन्यात नॉटपेट्या. नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतलं मर्स्कचं टर्मिनल बंद पाडलं होतं तेव्हा कंटेनरच्या लायनी लागल्या होत्या, वॉचमनला जी भीती आहे नेमकी तीच. मायक्रोसॉफ्टने वॉनाक्रायनंतर एक्सपीसाठीसुद्धा अपवाद म्हणून पॅच दिला होता, फुकट, पण तो टाकायला मशीन कुणाचं तरी असायला लागतं. एक्सप्लॉइट चालवला नाही, एक्सपीवर तो निळी स्क्रीन आणतो बऱ्याचदा, नुसता चेक पुरेसा आहे.

पण खरी गंमत पुढे. सीपीयूच्या मागे एक यूएसबी डोंगल. काट्याच्या व्हेंडरचा सर्व्हिसवाला लांबून बघतो त्यासाठी. म्हणजे एका बाजूला कंपनीचं आख्खं नेटवर्क, दुसऱ्या बाजूला थेट इंटरनेट, आणि मध्ये ना फायरवॉल ना काही, रिमोटचा पासवर्ड मॉनिटरवर स्टिकरला. लाखो रुपयांची फायरवॉल पुढच्या दाराला आणि मागच्या दाराला हा दोर.

डोंगल तिथल्या तिथे काढायला लावलं. रिपोर्टची वाट बघायची नसते असल्या गोष्टींसाठी.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन स्क्रीनशॉट लावत बसलो.

१८ जुलै, गुरुवार

बॅकअप. सॉफ्टवेअर रोज रात्री "सक्सेस" म्हणतं, हिरवी टिक, मेलही येतो. मी म्हणलं रिस्टोअर करून दाखवा. कधी केलंय? "गरज पडली नाही." वेगळ्या मशीनवर ईआरपीचा डेटाबेस रिस्टोअर करायला घेतला, सव्वापाच तास लागले, आणि उघडल्यावर शेवटची एंट्री ९ एप्रिलची.

एप्रिलमध्ये डिस्क भरली म्हणून ईआरपीच्या व्हेंडरने डेटाबेस डी ड्राइव्हवरून ई वर हलवला. बॅकअप अजून डी चाच चाललाय, जुन्याच फाइलचा, रोज, यशस्वीपणे. तीन महिन्यांच्या डिस्पॅच, जीएसटी, जॉबवर्कच्या चलनांची दुसरी प्रत या पृथ्वीवर नाही. अकाउंट्सच्या मॅडम सुट्टी असून आल्या होत्या, त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. रात्री नऊपर्यंत थांबून नवीन बॅकअप घेतला, एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमकडे.

शिवाय तो नास (बॅकअप ठेवायचा डिस्कचा डबा) डोमेनलाच जोडलेला. म्हणजे सोमवारी आम्हाला जे मिळालं ते कुणा रॅन्समवेअरवाल्याला मिळालं असतं तर सर्व्हरबरोबर बॅकअपही गेला असता एकाच झटक्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागा, एक प्रत बाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यात महत्त्वाचं त्यात नाहीच, की महिन्यातून एकदा उघडून बघा.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी धाकट्या साहेबांचा फोन, आवाज चढलेला, "जगभर विंडोज बंद पडतंय, तुमच्या स्कॅनने आपलं काही झालं नाही ना?" क्राउडस्ट्राइकचं अपडेट. आपल्याकडे साडेनऊनंतर सुरू झालं, निळ्या स्क्रीन, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरतायत ग्रुपवर. यांच्याकडे ते सॉफ्टवेअरच नाही, काही झालं नाही. हल्ला नाहीच हा, संरक्षण करणाऱ्याचीच एक चुकीची फाइल. उपाय काय तर सेफ मोडमध्ये जाऊन सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल उडवा, प्रत्येक पीसीसमोर बसून.

इनचार्जनी विचारलं, आपल्यावर अशी वेळ आली तर? दोन माणसं, २१२ पीसी. पीसीचे अ‍ॅडमिन पासवर्ड कुठे, बिटलॉकरच्या (डिस्कला कुलूप लावणारं) किल्ल्या कुठे? किल्ल्या त्याच सर्व्हरवर एका फाइलमध्ये. जो बंद असेल. प्रश्न त्यांचा होता, रिपोर्टमध्ये त्यांच्या नावाने घालणार.

२२ जुलै, सोमवार

आज मायक्रोसॉफ्टचा आकडा फिरतोय, ८५ लाख मशीन. असो.

बाहेरची बाजू. आरडीपी (लांबून स्क्रीन चालवायची सोय) इंटरनेटवर उघडं, "पण पोर्ट बदललाय सर, ३३८९ नाही ३३८९०." जगभरचे स्कॅनर सगळे पोर्ट बघतात, मागचं दार निळं रंगवल्यासारखं आहे ते. व्हीपीएनला (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा रस्ता) ओटीपी नाही, नोकरी सोडून गेलेल्या सहा जणांची खाती चालू. फायरवॉलचे लॉग सात दिवसांत पुसले जातात, सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ चे आदेश १८० दिवस ठेवा म्हणतात, आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा म्हणतात. सहा तास. इथे कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि सर्व्हर यांच्या घड्याळात अकरा मिनिटांचा फरक आहे, काय कधी झालं हेच आधी भांडणात जाईल. घड्याळं मात्र आजच जुळवली, फुकटचं काम.

२५ जुलै, गुरुवार

पुणं पाण्यात. खडकवासल्यातून सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी, आम्ही घरीच. स्कॅनरचे १८७ मुद्दे आहेत, रिपोर्टमध्ये १४ ठेवले, बाकी जोडपत्रात. सीव्हीएसएसचा (दोष किती गंभीर याचा दहापैकी गुण) आकडा १० आहे म्हणून वर, असं केलं नाही. काटा पहिला, बॅकअप दुसरा, लोकल पासवर्ड तिसरा. जोडीदाराचं आणि माझं तासभर भांडण, त्याच्या मते डोमेन अ‍ॅडमिन पहिला पाहिजे. तसं पुस्तकात असेल.

दुपारी इनचार्जचा मेसेज, "सर आपला नास जमिनीवरच ठेवलाय, ग्राउंड फ्लोअरला. टेबलवर घेतला आत्ता." पंधरावा मुद्दा.

१ ऑगस्ट, गुरुवार

प्रेझेंटेशन. काल छोट्या सहकारी बँकांना सेवा देणाऱ्या सी-एजला एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) रॅन्समवेअरच्या शंकेने तोडलं, तीनेकशे बँकांचे व्यवहार अडकले, त्यामुळे आज थोरले साहेबही येऊन बसले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "पास का नापास?" आणि "किती?" पहिल्याला म्हणलं सर ही परीक्षा नाही. पटलं नाही त्यांना. दुसऱ्याला आकडा दिला, त्यात इनचार्जच्या दोन जुन्या मेलचे फोटो लावले होते, स्विचचा तेव्हाचा भाव आणि आजचा. थोरले साहेब चष्मा लावून वाचत बसले. स्विच मंजूर.

रिपोर्टच्या तक्त्यात मी शेवटी एक कॉलम घातलाय, "कुणाचं". पदनाम आणि सही. ३४१ पैकी मोबाईल सोडून सगळ्यांसमोर. काट्याच्या ओळीवर पंधरा मिनिटं गेली. शेवटी स्टोअर्सच्या मॅनेजरनी सही केली, एएमसीही आता त्यांच्याकडेच जाणार या अटीवर. नवीन सॉफ्टवेअर यायला वेळ लागेल, तोवर काट्याला वेगळा व्हीलॅन, ईआरपीचा एक पोर्ट सोडून बाकी सगळं बंद.

२१ ऑगस्ट, बुधवार

रीटेस्ट. रिस्पॉन्डर तासभर चालवला, एकही हॅश नाही, एलएलएमएनआर (ते भर बाजारातलं ओरडणं) खरंच बंद केलंय. लोकल पासवर्डला लॅप्स लावलंय, प्रत्येक पीसीचा वेगळा. ग्रुप्स डॉट एक्सएमएल गेली. बॅकअप मॅडम स्वतः दर शनिवारी उघडून शेवटचं चलन नंबर वहीत लिहितात, वही बघितली, तीन ओळी आहेत. विंडोज ७ अजून २६ बाकी, दिवाळीपर्यंत म्हणतायत. व्हीपीएनचा ओटीपी सेल्सवाल्यांनी दोनदा बंद पाडून घेतला, तिसऱ्यांदा चालू झालाय.

.७७ ला ऑफिसमधून हाक मारली, उत्तर नाही. छान.

एआरपी स्कॅन परत लावला. १९२.१६८.२.१४०, यादीत नाही, "कुणाचं" मध्ये नाही, कालपासून चालू. इनचार्जनी नव्या स्विचवर अर्ध्या मिनिटात पोर्ट काढून दाखवला, तेवीस. तेवीसची वायर कँटीनला जाते. ट्रेनी पोरगा छत्री घेऊन आधीच निघालाय.